मराठवाड्यातून नट व्हायचंय? मग कामाला इथूनच लागा

मागच्या महिन्यात बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात आमचा प्रयोग झाला. मी मेकअप पुसत होते, बाहेर टेम्पोत सेट चढत होता, आणि गेवराईकडची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. बारावी झालेली, सोबत धाकटा भाऊ. म्हणाली, "ताई, मला ॲक्टिंगच करायचीय. मुंबईला कवा जाऊ?" मी म्हटलं, "आत्ता नको." तिचं तोंड उतरलं. का नको ते सांगायला बसले तोवर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तिला सांगायचं राहिलेलं सगळं इथं लिहिते. असाच प्रश्न मला जालन्याहून, उदगीरहून, किनवटहूनही येतो.

मी सेलूची. वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सतराव्या वर्षापासून मी ब्लाऊज शिवायचे, बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिले. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळालं, मग व्यावसायिक नाटकं, दोन मालिका, चार सिनेमे, आणि त्यातल्या एका भूमिकेसाठी पुरस्कार. घरात नाटकाचं कुणी नव्हतं. म्हणून जे सांगतेय ते कुणालाही करता येण्यासारखं आहे.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या. रोज एक माणूस निवडा आणि त्यानं बोललेली पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून काढा. जशीच्या तशी म्हणजे "कामून आलास बा?" असं तो म्हणाला तर "का आलास?" असं लिहायचं नाही. वाक्य कुठं तुटलं, श्वास कुठं घेतला, बोलताना हात कुठं होता, हे शेजारी लिहा. बसायला जागा मराठवाड्यात कमी नाहीत: एसटी स्टँड, सरकारी दवाखान्याची रांग, बँकेतली पीकविम्याची गर्दी, मोंढ्यातला सौदा. लहानपणी मी वडिलांचा डबा घेऊन मोंढ्यात जायचे. कापसाच्या बोलीत व्यापारी भाव पुकारायचा तेव्हा त्याचा आवाज वर चढायचा, आणि शेतकरी नुसता खाली मातीकडे बघून मान हलवायचा. त्या मान हलवण्यात होकार किती, नाइलाज किती, हे मला दहाव्या वर्षी कळत नव्हतं, पण डोळ्यांत साठलं होतं.

माझी खरी शाळा शिलाई मशीन होतं. माप घ्यायला बाई समोर उभी राहिली आणि टेप खांद्यावर ठेवला की ती कशी जगते ते कळायला लागतं. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईची मान ताठ असते, मोळ्या डोक्यावरून वाहिलेल्या असतात. पण ती खाली बसताना आधी हात टेकते, मग अंग सोडते. रोज पर्स अडकवून बसनं येणाऱ्या शिक्षिकेचा एक खांदा बोटभर खाली असतो, मला दोन खांद्यांचं माप वेगळं घ्यावं लागायचं. एकदा नुकतीच विधवा झालेली एक बाई फिक्या रंगाचं कापड घेऊन आली. "साधाच शिवा, बाही लांब ठेवा," एवढंच बोलली. बोलता बोलता टेबलावर पडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हिरव्या खणाची कड ती दोन बोटांनी गुंडाळत होती आणि सोडत होती, तिच्या लक्षातही नव्हतं. मी ते वहीत लिहिलं. बारा वर्षांनी एका नाटकात मला तशीच बाई करायची होती. संवाद चार ओळींचा होता. मी फक्त पदराची कड दोन बोटांनी गुंडाळली. ज्या भूमिकेला रौप्यपदक मिळालं ती हीच.

म्हणून अभिनय शिकण्याची सुरुवात आरशासमोर करू नका. आरशात तुम्ही स्वतःलाच बघता. आधी वर्षभर दुसऱ्यांना बघा आणि ऐका.

बोली पुसू नका, तिच्या शेजारी दुसरी भाषा बसवा

मराठवाड्याची भाषा एक नाही. लातूर-उदगीरकडे "काय करायलाव?" म्हणतात, देगलूर-धर्माबादकडे बोलण्यात तेलुगूचा हेल येतो, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी ऐकू येते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून आपण अजून रुमालाला दस्ती म्हणतो आणि कंत्राटदाराला गुत्तेदार. नटासाठी हा मोठा साठा आहे. डॉ. लक्ष्मणराव देशपांडे यांनी मराठवाड्याच्याच माणसांच्या लकबींवर उभा केलेला एकपात्री प्रयोग आठवा, 52 पात्रं एकट्यानं. आणि ते विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. मकरंद अनासपुरे यांनी आपली बोली मोठ्या पडद्यावर नेली, आणि नायक असं बोलू शकतो हे प्रेक्षकांनी स्वीकारलं.

पण एक अडचण खरी आहे आणि ती मी सोसली आहे. तुमची बोली ऐकली की निर्माते तुम्हाला मोलकरीण, गावाकडची मावशी आणि हसवणारा शिपाई यापलीकडे काही देत नाहीत. पहिली तीन वर्षं मी फक्त मोलकरणी केल्या. त्यातून बाहेर पडायचं तर प्रमाण मराठी इतकी सहज यायला हवी की पुण्याची डॉक्टर किंवा मुंबईची वकील करताना कुणाला शंका येऊ नये. त्यासाठी रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. तीन गोष्टी तपासा: न आणि ण वेगळे ऐकू येतात का, ळ चा ल होतो का, आणि वाक्याचा शेवट गिळला जातो का. आपल्याकडचे बहुतेक जण शेवटचा शब्द गिळतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला क्रियापदच ऐकू गेलं नाही तर त्याला वाक्य कळत नाही. ही सवय मोडायला मला सहा महिने लागले. शिवताना, मशीनच्या आवाजावर आवाज न चढवता वाक्य पूर्ण पोचवायचं, असा सराव मी करायचे. समोर काज-बटणं करायला बसलेली माझी जाऊ "ऐकू आलं" म्हणेपर्यंत.

गोंधळ, भारूड, कीर्तन

शहरात जाऊन हजारो रुपये भरून कार्यशाळा करण्याआधी गावातला एक गोंधळ रात्रभर बसून बघा. लग्नानंतर तुळजाभवानीचा किंवा माहूरच्या रेणुकेचा गोंधळ अजून अनेक घरांत घालतात. मुख्य गोंधळी आख्यान लावतो तेव्हा तोच राजा, तीच राणी, तोच दूत होतो. कपडे बदलत नाही. नुसता अंग वळवतो, आवाजाची पट्टी बदलतो, आणि अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांना कळतं की आता राणी बोलतेय. शेजारचा साथीदार मधेच प्रश्न विचारतो, शंका काढतो. त्या प्रश्नांमुळे मुख्य गोंधळ्याला श्वास मिळतो आणि प्रेक्षक जागा राहतो. दोन नटांमधली देवाणघेवाण मी इथं शिकले. संबळ कधी थांबतो ते नीट बघा, तो थांबला की शब्द मोठा होतो.

पैठणच्या नाथांची भारुडं सादर करणारी मंडळी असोत की हरिनाम सप्ताहातले कीर्तनकार, एक गोष्ट सगळ्यांकडून घ्या: समोरच्याची मान खाली जायला लागली की ते ओळखतात आणि लय बदलतात. नाटकात तुम्ही संवाद बदलू शकत नाही, पण प्रेक्षक कुठं सुटला हे कळणं तितकंच गरजेचं आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोककलेच्या स्पर्धा असतात. एकांकिकेत निवड झाली नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा भारुडात, जलशात उभे राहा.

हौशी नाटक: इथं घाई नको

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा हा आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठा दरवाजा आहे. प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते, मराठवाड्यातही होते. म्हणजे पूर्ण लांबीचं नाटक, परीक्षकांसमोर, खऱ्या रंगमंचावर करायला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. तुमच्या शहरातली नाट्यसंस्था शोधा आणि जाऊन सांगा, "काहीही काम द्या." पहिल्या वर्षी भूमिका मागू नका.

मी पहिल्या वर्षी वेशभूषा शिवली आणि प्रॉपर्टी सांभाळली. तांब्या कोणत्या प्रवेशात कोणत्या विंगेतून आत जातो, पत्र कुणाच्या खिशात, कंदिलात तेल आहे का. त्या वर्षात चाळीसएक तालमी मी विंगेतून बघितल्या. दिग्दर्शक एकच वाक्य वेगवेगळ्या नटांना वेगवेगळ्या शब्दांत का सांगतो ते समजलं. प्रकाशयोजनाकाराच्या शेजारी बसून दिवा कुठून येतो ते पाहिलं, म्हणून पुढं कधी मला "बाई, प्रकाशात या" असं ओरडून सांगावं लागलं नाही. चेहऱ्यावर दिव्याची ऊब लागते. ती लागेपर्यंत सरकायचं.

कागदपत्रांचं कामही शिकून घ्या, कारण लहान गावातल्या संस्था इथंच अडतात. लेखकाची लेखी परवानगी हवी. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. आमच्या संस्थेचा एक प्रयोग फक्त हा कागद वेळेत आला नाही म्हणून रद्द करावा लागला होता. दीड महिन्याच्या तालमी वाया गेल्या, आणि आमच्यातला एक चांगला नट त्यानंतर नाटकाकडे फिरकलाच नाही.

आता भूमिका कशी बसवायची. माझी पद्धत सांगते. संहिता मिळाली की मी ती पूर्ण हातानं उतरवते, फक्त माझे संवाद नाही, सगळ्यांचे. डावीकडे मोठा समास सोडते. प्रत्येक प्रवेशाच्या समासात तीन प्रश्नांची उत्तरं लिहिते: हिला आत्ता काय पाहिजे, कुणाकडून पाहिजे, आणि ते मिळालं नाही तर घरी जाऊन ही काय करेल. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. त्यानं बाईला नाटकाबाहेरचं घर मिळतं. मग पाठांतर. ते भावनेशिवाय, सपाट करायचं. भांडी घासताना, हेम घालताना, चालताना. भावनेसकट पाठ केलं की एकच सूर पक्का होतो, आणि समोरच्या नटानं वेगळं काही दिलं तरी तुम्ही त्याच सुरात उत्तर देता. पाठांतर पक्कं झालंय की नाही हे कसं ओळखायचं? कुणाला तरी मधेच तुमच्या हातात तांदळाचं ताट द्यायला सांगा. खडे निवडत संवाद अडखळला नाही तर झालं.

2006-07 च्या सुमारास आमच्याकडे भारनियमन फार होतं. संध्याकाळी तालमीच्या वेळेलाच वीज जायची. आम्ही एका शाळेच्या वर्गात अंधारात तालीम करायचो. एकमेकांचे चेहरे दिसायचे नाहीत, म्हणून सगळं आवाजातून पोचवावं लागायचं. राग, संशय, लाज, सगळं. त्या काळात आमच्या सगळ्यांचेच आवाज तयार झाले. आता वीज असते, तरी मी प्रत्येक नाटकाची किमान दोन वाचनं दिवे बंद करून करायला लावते. करून बघा. खोटं वाक्य अंधारात लगेच कानाला टोचतं.

शिक्षण घ्यायचं की नाही

घ्या, जमत असेल तर नक्की घ्या. मला जमलं नाही आणि त्याची खंत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि आपल्या भागातल्या किती तरी जणांची सुरुवात तिथूनच झाली. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि 1960 मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दिल्लीला 1959 पासूनचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळतं. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे तिथं शिकले आणि 2013 मध्ये त्याच विद्यालयाचे संचालक झाले. अर्जासोबत नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाची जाहिरात, प्रमाणपत्र, फोटो आजपासून एका फाईलमध्ये ठेवत जा. इंग्रजी-हिंदी कच्चं आहे म्हणून अर्जच न करणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

व्यावसायिक नाटक

व्यावसायिक नाटकात एका प्रयोगाच्या मानधनाला नाइट म्हणतात. नाइट किती, दौऱ्यात राहण्या-जेवणाचं काय, प्रयोग रद्द झाला तर काय, हे तालीम सुरू व्हायच्या आधी विचारा. विचारण्यात लाज नाही.

मला पहिली संधी रिप्लेसमेंटची मिळाली. एका नाटकातली अभिनेत्री आजारी पडली, संभाजीनगरला दौरा ठरलेला होता, आणि तीन दिवसांत कुणीतरी उभं राहायला हवं होतं. माझं नाव सुचवलं ते वेशभूषेतल्या माणसानं. मी आधी त्याच्यासोबत काम केलं होतं. असं अचानक उभं राहायची वेळ आली तर आधी संवाद पाठ करत बसू नका. आधी हालचाली शिका: कुठून प्रवेश, कुठं बसायचं, कुणाच्या कोणत्या शब्दावर उठायचं. जागा पक्क्या झाल्या की शब्द त्या जागांना चिकटतात. मी व्यवस्थापकांकडून जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग घेतलं, पण ते फक्त हालचालींसाठी बघितलं. त्या अभिनेत्रीची नक्कल केली असती तर दुसऱ्याच वाक्याला प्रेक्षकांना कळलं असतं. संत एकनाथ रंगमंदिरात तिसरी घंटा झाली तेव्हा माझे तळहात बर्फासारखे गार होते. पहिलं वाक्य सांभाळून नेलं ते समोरच्या ज्येष्ठ नटानं. त्यांनी माझा हात धरला आणि तो हात संहितेत नव्हता. तुम्ही ज्येष्ठ व्हाल तेव्हा नवख्याचा हात असाच धरा.

कॅमेऱ्यासमोर

रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर गेलेला नट पहिल्या दिवशी हमखास जास्त करतो. मीही केलं. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "बाई, कॅमेरा तुमच्यापासून चार फुटांवर आहे, शेवटची रांग नाही." शॉट लागला की एवढंच विचारा: "फ्रेम कुठवर आहे?" छातीपर्यंत असेल तर हाताचं काम दिसणारच नाही. डोळ्यांपर्यंत असेल तर पापणीसुद्धा मोठी होते. तिथं वाक्य पोचवायचं नसतं, मनात विचार चालू ठेवायचा असतो. जमिनीवर खूण केलेली असते तिथं खाली न बघता थांबता यायला हवं. घरी फरशीवर चुन्याची खूण करून चालत जाऊन थांबायचा सराव करा, वीस वेळा. कोणत्या शब्दावर पेला उचलला ते लक्षात ठेवा, कारण तोच शॉट दुसऱ्या बाजूनं पुन्हा घेणार आहेत आणि पेला त्याच शब्दावर उचलला गेला पाहिजे.

सगळ्यात अवघड म्हणजे सिनेमा क्रमानं शूट होत नाही. ज्या सिनेमासाठी मला पुरस्कार मिळाला त्यात पहिल्याच दिवशी शेवटून दुसरा प्रसंग होता: मुलाला निरोप देणारी आई. तो मुलगा मला त्या सकाळी नाश्त्याच्या वेळी पहिल्यांदा भेटला होता. माझ्याकडे होती ती वही. प्रत्येक प्रसंगासाठी मी एक ओळ लिहून ठेवली होती: आदल्या रात्री झोप किती झाली, पोटात काय आहे, शेवटचं रडणं कधी झालं, मुलाशी शेवटचं काय बोलली. त्या प्रसंगापुढं लिहिलं होतं: "दोन रात्री झोप नाही. सकाळी फक्त चहा. त्याच्या डब्यात भाकरी बांधली, स्वतः खाल्ली नाही." मी त्या दिवशी खरंच फक्त चहा घेतला, आणि शॉटच्या आधी त्या मुलासाठी डबा बांधून दिला. शिवणकामात कापड कापताना सगळे तुकडे वेगवेगळे पडलेले असतात आणि ब्लाऊज फक्त मनात असतो, तसंच हे आहे.

ऑडिशनचा व्हिडिओ आता घरूनच पाठवता येतो. फोन आडवा धरा, स्टँड नसेल तर डब्यांवर टेकवा. मागं साधी भिंत. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागं नको. बारीक चौकटीचे आणि पांढरेशुभ्र कपडे टाळा. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव सांगा, डावी-उजवी बाजू दाखवा, मग थेट प्रसंग. समोरच्याचे संवाद कुणालातरी कॅमेऱ्यामागून हळू आवाजात वाचायला सांगा. आणि आपल्याकडची खास गोष्ट: एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करा. घाम आला तरी चालेल. कूलरच्या घरघरीत तुमचा आवाज बुडाला तर पुढचे तीस सेकंदही कुणी बघत नाही.

मुंबईला प्रत्यक्ष बोलावणं आलं तर लगेच घर भाड्यानं घेऊ नका. मी दोन वर्षं परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं जायचे. रात्रभर प्रवास, सकाळी स्टेशनवरच आवरून वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशन, रात्री परतीची गाडी, दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर. हातात असा धंदा ठेवा जो चार दिवस बंद ठेवता येतो आणि पुन्हा सुरू करता येतो. पिको-फॉलनं माझं घर चालवलं, म्हणून नको ती कामं नाकारता आली. सहा महिन्यांचं भाडं बाजूला पडल्याशिवाय मुक्कामाला जाऊ नका.

पैसे आणि स्वतःची काळजी

भूमिका देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथंच उठा. पोर्टफोलिओच्या नावाखाली, कार्डाच्या नावाखाली, कशाच्याही नावाखाली. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

मालिकांचे पैसे बहुतेक ठिकाणी काम झाल्यावर 90 दिवसांनी येतात, हे धरूनच घरखर्च आखा. मानधनातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. तो सरकारकडे जमा झाला की नाही ते आयकराच्या पोर्टलवर बघा आणि विवरणपत्र भरा, उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. मला हे पाच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. एका निर्मात्याकडे माझं बावीस दिवसांचं मानधन बुडालं. माझ्याकडे करार नव्हता, तारखांची नोंद नव्हती, फक्त फोनवरचा शब्द होता. त्यानंतर मी डायरी ठेवायला लागले: तारीख, सेटवर पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, प्रसंग क्रमांक. करार मराठीत मागा, वाचा, प्रत घ्या.

मुलींनो, भेट दिवसा आणि ऑफिसात. हॉटेलच्या खोलीत, रात्री, "स्क्रिप्ट ऐकवायला" बोलावलं तर जायचं नाही. काम गेलं तर जाऊ द्या, मी घालवली आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सेटलाही लागू आहे. तक्रार समितीत कोण आहे हे पहिल्या दिवशी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पुरस्कार

पुरस्कार मिळावा असं वाटण्यात काही वाईट नाही. तो कसा मिळतो तेवढं माहीत असू द्या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारासाठी नट अर्ज करत नाही, प्रवेशिका निर्मात्याकडून जाते, आणि त्या वर्षात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेले चित्रपटच विचारात घेतात. म्हणजे छोटा सिनेमा करताना निर्माता तो पूर्ण करून पुढं पाठवणारा आहे का, हे पारखून घ्या. 2010 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मिताली जगताप-वराडकर यांना मराठी सिनेमातल्या आईच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, तेव्हा माझ्या मशीनशेजारच्या रेडिओवर बातमी ऐकून मी सुई खाली ठेवली होती. मोठं बॅनर नसताना असं होऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं.

मला पुरस्कार मिळाला त्यानंतर आठ महिने फोन वाजला नाही. लोकांना वाटतं आता बाई परवडणार नाही. मी स्वतः पंचवीस जणांना फोन करून सांगितलं की मी आहे, काम करायचं आहे, भूमिका लहान असली तरी वाचायला पाठवा. त्यातून दोन कामं आली. उरलेल्या वेळात सेलूच्या मुलांना घेऊन बालनाट्य बसवलं. त्यातल्या एका मुलाला "आई" हे एकच वाक्य होतं, आणि तो ते प्रत्येक तालमीत वेगळं म्हणायचा. मी ते सगळं वहीत लिहून ठेवलं.

गेवराईच्या त्या मुलीला त्या रात्री मी फक्त वहीचं काम देऊ शकले होते. आठवड्यानं तिचा मेसेज आला, आजीची पाच वाक्यं लिहून. अक्षर सुंदर, वाक्यं व्याकरणशुद्ध: "मला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही." मी फोन लावला आणि विचारलं, "आजी असंच म्हणाली?" ती गप्प झाली. मागून आजीचाच आवाज आला, "कोण हाय गं? मला काय दिसंना, सांग की बाई." मी म्हटलं, "हे लिही. आत्ता. 'सांग की' म्हणताना तिनं तुझा हात धरला का, तेही लिही." पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.